सरळ रांगांचा कळफलक

(संगणकाच्या कळफलकावरील कळा एकमेकींच्या सरळ खाली का नसतात? त्या सरळ रांगांत लावल्या तर टंकलेखन सोपे होईल का? या पाठात या प्रश्नांचा विचार केला आहे.)

आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरात टंकलेखन शिकणारी मुले-मुली पुष्कळ आहेत. तुमच्या घरातील एखादी आपा किंवा भाईजानही त्यांत असतील. लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी नोकरीसाठी मिनिटाला मराठीचे ३० किंवा इंग्रजीचे ४० शब्द टंकलिखित करता यावे लागतात. त्यासाठी रोज सराव करावा लागतो. सराव करताना कोणाची मनगटे दुखतात, तर कोणाचा वेग वाढतच नाही. मग वाटते, दोष आपला की कळफलकाचा?

कळफलक नीट पाहा. त्याच्या आडव्या ओळी सरळ आहेत. पण उभ्या रांगा तिरक्या आहेत. वरची ओळ थोडी डावीकडे आणि खालची ओळ थोडी उजवीकडे सरकलेली आहे. असे का बरे?

याचे उत्तर जुन्या टंकयंत्रात आहे. अमेरिकेत शोल्स व त्यांच्या सोबत्यांनी तयार केलेले टंकयंत्र १८७४ साली रेमिंग्टन कंपनीने बाजारात आणले. त्यात प्रत्येक कळीखाली एक लांब तरफ होती. कळ दाबली की तरफ हलायची आणि अक्षराचा ठसा कागदावर उमटायचा. कळा एकाखाली एक ठेवल्या असत्या, तर त्यांच्या तरफा एकमेकींवर आदळल्या असत्या. म्हणून प्रत्येक ओळ थोडी सरकवली. भारतात गोदरेज कंपनीने १९५५ साली टंकयंत्र तयार केले. त्यातही कळा तिरक्याच होत्या.

संगणकात तरफा नाहीत. प्रत्येक कळीखाली फक्त विजेचे लहानसे बटण असते. तरीही लोकांच्या बोटांना सवय झाली होती, म्हणून जुनी मांडणी तशीच राहिली. मात्र कळफलकाच्या उजव्या टोकाला असलेले आकडे पाहा. ७, ४ आणि १ हे आकडे सरळ एकाखाली एक आहेत. सगळ्याच कळा अशा चौकटीत मांडलेले कळफलकही आता मिळतात.

त्यांचा फायदा काय? टंकलेखन करताना आपली कोपरे बाहेर आणि हात आत वळलेले असतात. कळांचा डावीकडचा कल उजव्या हाताला सोयीचा पडतो. डाव्या हाताला तो उलटा पडतो. सरळ रांगांत दोन्ही हातांना सारखाच न्याय मिळतो. बोट सरळ वर किंवा सरळ खाली न्यावे, एवढेच लक्षात ठेवायचे.

पण वेगाचे काय? नुसत्या सरळ रांगांमुळे वेग वाढतो, असे सिद्ध झालेले नाही. उलट, नवा कळफलक घेतल्यावर सुरुवातीला वेग कमी होतो आणि चुका वाढतात. काही आठवड्यांच्या सरावाने जुना वेग परत येतो. वेग येतो तो मुख्यतः न पाहता योग्य बोटाने योग्य कळ दाबण्याच्या सवयीतून. उर्दू लिहिताना पडद्यावर अक्षरे उजवीकडून डावीकडे जातात आणि मराठी लिहिताना डावीकडून उजवीकडे. तरीही बोटांची बैठक तीच राहते.

मनगटांचे म्हणावे, तर कळफलक लहान असला की हात जवळ येतात आणि मनगटे बाहेरच्या बाजूला वाकतात. कळा सरळ रांगांत असल्या, तरी हा त्रास जात नाही. कळफलकाचे दोन भाग करून ते खांद्यांइतके दूर ठेवले, तर मनगटे सरळ राहतात. पण ज्याला असा कळफलक घेणे शक्य नाही, त्याने काय करावे? कळफलक कोपरांच्या उंचीवर ठेवावा. पाय जमिनीवर टेकवावेत. कळा हलक्या हाताने दाबाव्यात. मधूनमधून थांबून बोटे मोकळी करावीत. दुखणे राहिलेच, तर डॉक्टरांना दाखवावे.

आणखी एक गोष्ट विसरू नये. परीक्षाकेंद्रात बहुधा नेहमीचा, तिरक्या रांगांचाच कळफलक असतो. घरी केवळ वेगळ्या कळफलकावर सराव केला, तर परीक्षेच्या दिवशी बोटे चुकतील आणि वर्षाची मेहनत वाया जाईल. म्हणून परीक्षा देणाऱ्याने नेहमीच्या कळफलकावरच हात बसवावा.

हत्यार चांगले असावे, यात शंका नाही. पण कसबी हात सरावानेच तयार होतो.

शब्दार्थ
कळफलक – की-बोर्ड
तरफ – टेकूवर वरखाली हलणारी दांडी
कल – झुकाव
कसबी – कुशल, हुनर असलेला

स्वाध्याय
१. जुन्या टंकयंत्रात कळांच्या ओळी का सरकवल्या होत्या?
२. सरळ रांगांचा फायदा डाव्या हाताला अधिक का होतो?
३. परीक्षा देणाऱ्याने नेहमीच्या कळफलकावर सराव का करावा?

उपक्रम : एकच उतारा आठ दिवस रोज टंकलिखित करा. लागलेला वेळ व झालेल्या चुका वहीत लिहा आणि काय फरक पडला ते वर्गात सांगा.