एकाच निलगिरीच्या फळ्या, एक सरळ तर एक वाकडी

कापडाच्या धंद्यात पहिला मीटर जसा तसाच शेवटचा. नसेल तर तागा परत. हाच हिशेब आम्ही लाकडाला लावला आणि फसलो. दुकानातील मांडणीसाठी निलगिरीच्या फळ्या घेतल्या. सहा महिन्यांत निम्म्या धनुष्यासारख्या वाकल्या, काहींना पीळ पडला, बाकीच्या मात्र सरळ. वखारवाल्याने माल मिसळला असे ठरवून आम्ही त्याच्याशी बोलणे सोडले.

माल मिसळलेला नव्हता. निलगिरी झपाट्याने वाढते. सुरुवातीच्या वर्षांत गाभ्याभोवती बनणारे लाकूड हलके, कमजोर, आखूड तंतूंचे असते. झाडाचे वय वाढते तसे सालीकडचे लाकूड जड, टणक होत जाते. म्हणजे एकाच ओंडक्यात दोन प्रतींचा माल! बुंध्याकडून शेंड्याकडेही फरक पडतो, पण आतबाहेरच्या फरकाइतका तो सहसा नसतो.

शिवाय उभ्या झाडात सालीकडचे लाकूड ताणलेले आणि गाभा दाबलेला असतो. करवत फिरली की ताण सुटतो. टोके फुटतात, ओली फळीसुद्धा वाकते. बारीक ओंडक्यात हा त्रास जास्त. तिरप्या वाढलेल्या झाडाच्या वरच्या अंगाचे लाकूड तर लोकरीसारखे तंतू सोडते, रंध्याला दाद देत नाही आणि वाळताना लांबीतही आटते. (त्यात सेल्युलोज मात्र जास्त, आणि आमचे रेयॉन कापड सेल्युलोजचेच! कर्नाटकात हरिहरला निलगिरीपासून रेयॉनचा लगदा होतो.)

आता झाडाझाडांतील फरक. टिपू सुलतानाने १७९० च्या सुमारास बंगळूरजवळ नंदी टेकडीवर निलगिरी लावल्याची नोंद आहे. तेथे निरनिराळ्या जातींचा संकर झाला आणि त्याचे बी 'म्हैसूर गम' या नावाने देशभर गेले. सबब बियांच्या रोपांची, शेजारी वाढलेली, एकाच वयाची दोन झाडेही सारखे लाकूड देत नाहीत. १९९० च्या दशकात भद्राचलमच्या कागद कारखान्याने निवडक झाडांच्या छाटांपासून रोपे तयार करून शेतकऱ्यांना दिली. यांनाच क्लोन म्हणतात. एका क्लोनची झाडे आपसांत बरीच मिळतीजुळती असतात. पण "क्लोनचा माल आहे, सगळा एकसारखा" असे कोणी सांगितले तर ते अर्धेच खरे समजावे. झाडाच्या पोटातला फरक तसाच राहतो.

म्हणून कारागीर बांधवांनी ओंडक्याचे कापलेले टोक पाहावे. गाभा एका बाजूला सरकलेला असेल तर झाड तिरपे वाढले असण्याचा संभव असतो. गाभा आलेली फळी खोक्यांना वापरावी, फर्निचरला नव्हे. तोडल्यावर ओंडका लवकर चिरावा, टोकांना मेण किंवा रंग लावावा. फळ्या सावलीत, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून आणि वर वजन ठेवून वाळवाव्यात. जुने मिस्त्री हे जाणतात. घाई असते ती गिऱ्हाइकाची, म्हणजे आमच्यासारख्यांची.

पुढे आम्ही वाकलेल्या फळ्या घेऊन वखारीत गेलो. बहुतेकांत गाभ्याची खूण होती. वखारवाल्याने या वेळी बाहेरच्या अंगाच्या, वाळलेल्या फळ्या निवडून दिल्या आणि भाव जादा लावला. तो आम्ही दिला.