गॅरेजचें आपोआप उघडणारें दार

दार उघडण्यासाठीं यंत्र विकत घ्यावें लागतें, ही गोष्ट आम्हांस वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं कळली. आमचें बालपण वाड्यांत गेलें. तेथें दिंडीदरवाजा, त्याला अडसर, आणि रात्रीं उशिरा येणाराला चार खडे बोल ऐकवून तो अडसर काढणारे आजोबा, एवढ्या सरंजामावर तीन पिढ्या सुखरूप राहिल्या. परंतु आमचे चिरंजीव अमेरिकेंत कॅलिफोर्निया संस्थानांत फ्रीमॉन्ट येथें स्थायिक झाले असून, गेल्या वर्षीं आम्ही उभयतां त्यांच्याकडे सहा महिने राहून आलों. त्या मुक्कामांत या यंत्राशीं आमचा जो परिचय झाला, तो वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे लेक, लेकी, जांवई तिकडे आहेत. आणि पुण्याकडील बंगल्यांनाही आतां विजेवर सरकणारीं फाटकें दिसूं लागलीं आहेत.

तिकडे मोटारीची खोली बहुधा घराला लागूनच असते. दर्शनी दार पाहुण्यांपुरतें. घरचीं माणसें गॅरेजमधूनच येतात-जातात. दोन मोटारींच्या गॅरेजचें दार साधारणपणें १६ फूट रुंद व ७ फूट उंच असतें. आडवे भाग बिजागऱ्यांनीं जोडून तें केलेलें असतें, आणि दोहों बाजूंच्या रुळांवरून वर सरकत जाऊन छताखालीं आडवें निजतें. असें दार सी. जी. जॉन्सन या गृहस्थानें १९२१ सालीं काढलें, व १९२६ सालीं त्याला विजेचें यंत्रही जोडून दिलें.

आम्हांस जाऊन पंधरा दिवसही झाले नसतील. एके संध्याकाळीं चिरंजीवांनीं मोटार आंत घेतली व दार लावण्याचें बटण दाबलें. चार वर्षांच्या नातीची तीनचाकी उंबऱ्याशींच राहिली होती. दार खालीं आलें, तीनचाकीवर टेकलें, आणि थांबलें नाहीं. हँडल वाकून जमिनीला लागेपर्यंत तें रेटीतच राहिलें. नात त्या वेळीं तीनचाकीवर नव्हती. दोन मिनिटांपूर्वीं होती. त्या रात्रीं घरांत कोणी धड जेवलें नाहीं.

वास्तविक असें घडतां कामा नये. अशा दारांखालीं सांपडून मुलें दगावल्यामुळें अमेरिकन काँग्रेसनें १९९० सालीं कायदा केला. १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक घरगुती यंत्राला दोन गोष्टी बंधनकारक झाल्या. कांहीं आडवें लागल्यास दारानें दोन सेकंदांच्या आंत उलट फिरलें पाहिजे, ही पहिली. आणि तेवढ्यावर न विसंबतां राखणीची आणखी एक स्वतंत्र योजना असली पाहिजे, ही दुसरी. ही दुसरी योजना बहुधा डोळ्यांच्या रूपानें असते. दाराच्या दोहों अंगांस, जमिनीपासून सहा इंचांहून उंच नाहीं अशा बेतानें, दोन लहान पेट्या समोरासमोर बसवितात. एकींतून न दिसणारा किरण निघतो व दुसरी तो पाहत असते. किरण मध्येंच तुटला कीं उतरतें दार माघारीं वर जातें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं ते डोळे शोधूं लागलों. दाराशीं ते कोठेंच नव्हते. वर पाहिलें, तों मोटारीशेजारीं, छतालगत, वीतभर अंतरावर एकमेकांकडे तोंड करून ते चिकटपट्टीनें बांधून ठेवलेले! दार वारंवार परत फिरतें म्हणून घराच्या पूर्वीच्या मालकानें काढलेली ही युक्ति असावी. वर्गांतले दोन मॉनिटर मागच्या बांकावर समोरासमोर बसवावे आणि त्यांनीं ‘गुरुजी, सर्वत्र शांतता आहे’ असें दिवसभर सांगत राहावें, त्यांतलाच हा प्रकार. सांख्यांचा अंधपंगुन्याय आमच्या पिढीस पाठ आहे. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसतो. चालणारा एक, पाहणारा दुसरा. येथें मोटार आंधळी आणि डोळा पांगळा. आमच्या घरीं पांगळ्याला माळ्यावर बसवून आंधळ्याला रस्त्यावर सोडलें होतें. ज्यांचीं मुलें तिकडे जुनें घर घेणार असतील, त्यांनीं पहिल्या पत्रांत एवढेंच विचारावें, कीं दाराचे डोळे कोठें आहेत?

डोळे नव्हते हें खरें; पण तीनचाकीला लागतांच दार उलट कां फिरलें नाहीं? याचें उत्तर दुरुस्तीला आलेल्या वृद्ध कारागिरानें दिलें, आणि तें आम्हांस फार मोलाचें वाटलें. त्यानें प्रथम दार बंद करून मोटारीपासून लोंबणारी तांबडी दोरी ओढली. या दोरीनें दार व यंत्र यांची फारकत होते. मग त्यानें दार हातानें अर्ध्यावर नेऊन जपून सोडलें. तें तेथें ठरलें नाहीं; खालीं घसरूं लागलें. तो म्हणाला, ‘तुमची स्प्रिंग थकली आहे.’

आमची आजवर अशी समजूत होती, कीं दार उचलते ती मोटार. तसें नाहीं. दीडशे पौंडांचें ओझें अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटारीकडून इतक्या सहज उचललें जातें, याचें कारण दारावरच्या दांड्याला पीळ भरून बसविलेल्या स्प्रिंगा बहुतेक सर्व भार तोलून धरतात. ताजव्याच्या एका पारड्यांत दार, दुसऱ्यांत स्प्रिंग. मोटार फक्त बोट लावते. स्प्रिंग ढिली पडली म्हणजे दार जड होतें, अडकतें, मधूनच परत फिरतें. मग कोणी तरी यंत्राच्या जोराचा स्क्रू पिळून जोर वाढवून ठेवतो. आमच्या येथें हेंच झालें होतें. यंत्राला तीनचाकी आणि दाराचें स्वतःचें वजन यांतला भेद कळेनासा झाला होता. सबब, थकलेल्या स्प्रिंगेवर मोठी मोटार हा उपाय नव्हे. दुकानदार मोठी मोटार आनंदानें विकील. पण आधीं तोल पाहावा. सर्वसाधारण स्प्रिंग दहा हजार वेळां उघडझाप होईपर्यंत टिकेल अशी केलेली असते. दिवसांतून चार वेळां दार हाललें तर तिचें आयुष्य सात वर्षांच्या आंतबाहेर. ती बदलण्याचें काम मात्र घरीं करूं नये. त्या पिळांत सांठलेला जोर हात मोडण्यास पुरेसा असतो. तांबडी दोरीही दार खालीं असतांनाच ओढावी. स्प्रिंग तुटली असेल तर वर असलेलें दार एकदम खालीं कोसळतें.

स्प्रिंगा बदलल्यावर यंत्राची निवड सोपी झाली. साखळीचें यंत्र स्वस्त व दणकट, पण खडखड फार. आमची निजावयाची खोली गॅरेजच्या माथ्यावरच, आणि सूनबाई इस्पितळांतील रात्रपाळीहून दोन वाजतां परत येत. बिचारी बाहेर मोटार उभी करून पावलें न वाजवितां दर्शनी दारानें आंत येई, कां तर आम्हांस जाग येऊं नये! हें कळल्यावर पट्ट्याच्या यंत्राला थोडे अधिक पैसे पडतात म्हणून कुरकुरणारे आम्ही गप्प बसलों. रबरी पट्ट्याचें यंत्र जवळजवळ मुकाट चालतें, त्यांतही डी. सी. मोटार असली तर दार हळू सुटतें व हळू टेकतें. फिरत्या स्क्रूचा एक तिसरा प्रकार आहे. चौथा भिंतीवर बसवून दांडाच फिरविण्याचा. तो छत मोकळें ठेवतो, पण दारावर पिळाची स्प्रिंग व दांडा असेल तरच चालतो. गॅरेज घरापासून वेगळें असेल त्यानें खुशाल साखळी घ्यावी.

बॅटरीविषयीं कॅलिफोर्नियांत वाद उरलेला नाहीं. २०१७ सालीं तेथें मोठे वणवे लागले. वीज गेली, आणि कांहीं वृद्धांना मोटार असूनही गॅरेजचें दार हातानें उघडतां न आल्यानें बाहेर पडणें अशक्य झालें. म्हणून १ जुलै २०१९ पासून त्या संस्थानांत बॅटरीची सोय नसलेलें घरगुती यंत्र विकण्यास व बसविण्यास मनाई आहे. इतरत्र कायदा नसला तरी बॅटरी घ्यावी, आणि तरीही तांबडी दोरी घरांतल्या प्रत्येक प्रौढ माणसाकडून एकदां तरी ओढवून घ्यावी. आमच्या सौभाग्यवतींनीं ती पहिल्याच प्रयत्नांत ओढली. आम्हांस स्टूल लागलें नाहीं, एवढेंच सांगतों.

चोरांविषयीं दोन शब्द. जुन्या रिमोटमध्यें खुणेचा आंकडा कायमचा ठरलेला असे, व तो चोरून घेणें अवघड नसे. आतां प्रत्येक दाबणीबरोबर आंकडा बदलतो. परंतु रिमोट मोटारींत ठेवून मोटार रस्त्यावर उभी करणाऱ्यास कोणता आंकडा वांचविणार? दार उघडें राहिल्याची वर्दी फोनवर देणारी सोय आम्हांस प्रथम केवळ चैन वाटली. पुढें चिरंजीव कचेरींतून दोनदां दार लावतांना पाहिले, आणि मत बदललें. भिंतीवरचें बटण जमिनीपासून पांच फुटांवर, मुलांचा हात पोंचणार नाहीं असें असावें. बंद गॅरेजमध्यें मोटारीचें इंजिन चालूं ठेवूं नये, हें येथें सांगितलेंच पाहिजे. तो धूर वासावांचून प्राण घेतो.

आपल्याकडील सरकत्या फाटकाचें गणित थोडें निराळें. तेथें स्प्रिंग नाहीं. दांत्यांच्या पट्टीवरून मोटारीचें चाक फाटकाला ढकलतें. फाटक हातानें सहज सरकतें कीं नाहीं हें आधीं पाहावें, रूळ साफ ठेवावा, आणि वीज गेल्यावर फाटक मोकळें करण्याची किल्ली कोणाकडे आहे हें सर्वांस ठाऊक असावें. डोळे मात्र ‘वेगळे पैसे पडतील’ म्हणून पुष्कळ ठिकाणीं गाळतात. फाटकाला लोंबकळून झोका घेणें हा आपल्या मुलांचा जन्मसिद्ध हक्क असल्यामुळें तेथें काटकसर करूं नये. पावसाळ्यांत कोळी या डोळ्यांवर जाळें विणतो, फडक्यानें पुसावें.

नवें यंत्र बसल्यावर त्याची परीक्षा घ्यावयाची होती. दीड इंच जाडीचें लाकूड दाराखालीं आडवें ठेवून दार उतरवावें. लाकडाला टेकतांच तें परत फिरलें पाहिजे, आणि ही परीक्षा दर महिन्यास घ्यावी, असें यंत्राबरोबरच्या पुस्तकांत लिहिलें होतें. घरांत लाकूड कोठलें? आमची दृष्टि सौभाग्यवतींनीं सांगलीहून नेलेल्या पोळपाटाकडे गेली. फूटपट्टी लावली, तों नेमका दीड इंच. परंतु त्यांनीं तो दिला नाहीं. दुसऱ्या दिवशीं दुकानांतून लाकडाचा तुकडा आणला; दार टेकलें आणि तत्काळ माघारीं गेलें. मग नातीच्या वांकड्या तीनचाकीनें डोळ्यांचीही परीक्षा झाली.

आतां प्रत्येक एक तारखेला ती फोनवर ‘आजोबा, लाकूड!’ म्हणून आम्हांस बोलावते. चिरंजीव दार उतरवितात, ती लांब उभी राहून टाळ्या पिटते. परत येतांना आम्ही सामान कमी करण्याकरितां पोळपाट तिकडेच ठेवून आलों. या महिन्यांत दाराखालीं लाकडाऐवजीं तोच दिसला, तेव्हां आमच्या मागें बसलेल्या सौभाग्यवती ताडकन् उठून उभ्या राहिल्या.