पिंपात काय घालावे?

घरात पितळी तांब्या घासायचा असला तर आपण काय घेतो? राख घेतो, चिंच घेतो, नारळाची शेंडी घेतो. तांब्या एकच असतो, हात पुरतो. पण नट, वायसर, बिजागरीची पानं असे हजार नग घासायचे असले तर? तिथे हात कुठवर पुरणार? तेव्हा पिंप लागते.

हे पिंप आडवे असते. मोटारीवर ते सावकाश फिरते. आत नग असतात, घासणारी वस्तू असते आणि बहुतेक वेळा पाणी असते. पिंप फिरले की माल वर चढतो आणि घसरून खाली येतो. घसरताना तो घासला जातो. घासणाऱ्या वस्तूला कारखान्यात मीडिया म्हणतात. आम्ही तिला घासणी म्हणू.

कोणी कर्ज काढून पिंप घेतो. शहरातून काम आणतो. मग पैसे वाचवायला ओढ्यातली वाळू आत भरतो. इथेच घात होतो! वाळू नगाच्या भोकात आणि आट्यांत अडकते. माल परत येतो. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे कोरड्या वाळूची बारीक धूळ. ती छातीत जाऊन बसते. त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो एकदा जडला की बरा होत नाही. वाळू फुकट मिळो, नाहीतर कोणी वर पैसे देवो, ती कोरडी फिरवू नये.

मग काय घालावे? आधी हे ठरवा, की धार मारायची आहे की चमक आणायची आहे? ही दोन कामे वेगळी आहेत.

कापलेल्या नगाच्या कडेला बारीक धार राहते. तिला बर म्हणतात. बोट फिरवले तर कापते. ती काढायला खरखरीत, कोनांची घासणी हवी. लेथवाल्यांकडे ग्राइंडरची झिजलेली चाके पडून असतात. ती मागून आणावी. गोणपाटात गुंडाळून फोडावी, आणि फोडताना डोळ्यांवर चष्मा हवाच. तुकडे चाळून घ्यावे आणि पाण्यात फिरवावे. छान कापतात. आणि लोखंडाचे जाड, दणकट नग असले तर घासणीसुद्धा नको. ते एकमेकांवर घासूनच साफ होतात.

चमक आणायला मात्र गुळगुळीत आणि जड वस्तू हवी. पोलादाचे छर्रे त्याला उत्तम. ते कापत नाहीत, दाबून दाबून चकाकी आणतात. पाण्यात थोडे रिठ्याचे पाणी घालावे. सोनार चांदीला रिठाच लावतात की नाही?

छर्रे महाग असतात. पण हिशेब करून बघा. समजा, दगडी खडे ३०० रुपयांना आणले आणि ते १० घाण्यांत झिजले. म्हणजे घाण्यामागे ३० रुपये पडले. समजा, छर्रे ३,००० रुपयांना आणले आणि ते ५०० घाणे चालले. म्हणजे घाण्यामागे ६ रुपये. आता स्वस्त कोणते? तुमची घासणी किती झिजते ते तुम्हीच काढा. १० घाण्यांआधी तोला आणि नंतर वाळवून पुन्हा तोला. झाले!

साधे छर्रे ओले ठेवले तर गंजतात. म्हणून काम झाले की धुऊन, वाळवून ठेवावे. ज्यात लोखंड फिरवले त्याच घासणीत पितळ घालू नये, डाग पडतात.

ॲल्युमिनियमचे नग सोड्याच्या पाण्यात कधीही फिरवू नका. त्यातून वायू निघतो. पिंप बंद असते, आत दाब वाढतो, झाकण उडते.

पिंप निम्म्याहून थोडे जास्त भरावे. नगांच्या तिप्पट घासणी घ्यावी. नाजूक नग असले तर आणखी जास्त. घासणीचा खडा नगाच्या भोकातून सहज आरपार जावा, नाहीतर मुळीच आत शिरू नये. दोन खडे जोडीने अडकत नाहीत ना, तेही बघा.

राहिले वाळवणे. मक्याचे दाणे काढल्यावर बुरकुंडे आपण चुलीत घालतो. ती वाळवून, भरडून, चाळून ठेवावी. धुतलेले नग त्या भरड्यात थोडा वेळ फिरवले की ती पाणी शोषून घेते आणि लोखंडाला गंज धरत नाही. ओली झालेली भरड उन्हात पसरावी. ती पुन्हा कामी येते.