वेलणकरने रामा शेट्टीला का मारलं?

मंडळी, आरे-वारेच्या या लख्ख उजेडात काळोख्या शहरांच्या सिनेमाविषयी बोलणं जरा विचित्रच! ‘न्वार’ हा फ्रेंच शब्द, अर्थ ‘काळा’. 1940च्या दशकातल्या अमेरिकी गुन्हेपटांना हे नाव मिळालं. नंतर त्याच वळणाने आलेले सिनेमे ते ‘निओ-न्वार’. यांतला नायक धुतल्या तांदळासारखा नसतो, हे त्यांचं मुख्य लक्षण.

आपल्या जवळचं उदाहरण घेऊ. ‘अर्धसत्य’, 1983. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन. शेवटी फौजदार अनंत वेलणकर, म्हणजे ओम पुरी, रामा शेट्टीचा गळा आवळतो. आपल्याला बरं वाटतं. गुंडच होता की तो!

पण थांबा. वेलणकर तिथे गेला कशाला होता? त्याच्या मारहाणीत कोठडीतला एक किरकोळ चोर मेलेला असतो. त्यातून सुटका हवी म्हणून तो शेट्टीकडे मदत मागायला गेलेला असतो. शेट्टी त्याला हिणवतो, आणि मग हात गळ्याकडे जातात. समजा, शेट्टी गोड बोलला असता तर? हा प्रश्न टाळता येत नाही.

लहानपणी त्याने हवालदार बापाला आईला मारताना पाहिलंय. तेव्हा काही करता आलं नाही, तो संताप आत साचलाय. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. बापामुळे राग का आला ते कळतं. चोराचा जीव घेणं त्याने योग्य ठरत नाही. कारण सांगणं म्हणजे माफी देणं नव्हे. चोराला मारणारे हात आणि शेट्टीला मारणारे हात एकच आहेत, रागही तोच. मग एका मृत्यूला हळहळ आणि दुसऱ्याला टाळ्या, असं का?

ॲरिस्टॉटल म्हणतो, न्याय्य दिसणारी कृती करणं वेगळं आणि न्यायी माणूस ती जशी करतो तशी करणं वेगळं. वेलणकरची शेवटची कृती या कसोटीवर उतरत नाही. उतरते ती त्यानंतरची: तो स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन हजर होतो. तिथे त्याला कुणी ढकललेलं नसतं.

पोलिसी चकमकीची बातमी वाचून आपण चटकन ‘बरं झालं’ म्हणतो ना? तेव्हा कोण मेलं एवढंच बघू नका. मारणारा कशासाठी मारत होता, तेही विचारा.