विल्यम फॉकनरची खतावणी : एका अमेरिकन कादंबरीकाराचीं दप्तरी साधनें

इतिहाससंशोधनास वाहिलेल्या त्रैमासिकांत अमेरिकेंतील एका कादंबरीकारावर लेख यावा याचें वाचकांस नवल वाटेल. कादंबरी म्हणजे कल्पित, आणि आपला व्यवहार तर अस्सल कागदाशीं. परंतु विल्यम फॉकनर याच्या 'गो डाउन, मोझेस' (१९४२) या पुस्तकांत 'द बेअर' म्हणजे 'अस्वल' नांवाची जी दीर्घ कथा आहे, तिचा चौथा भाग असा आहे कीं, त्यांतील सारें नाट्य एका जुन्या हिशेबवहीच्या वाचनांत घडतें. सोळा वर्षांचा एक मुलगा मध्यरात्रीं दिवा लावून आपल्या घराण्याच्या खतावण्या उघडतो, दोन हस्ताक्षरें वेगळीं ओळखतो, तारखा एकमेकींशीं ताडून पाहतो, आणि जें कोणींही लिहून ठेवलें नाहीं तें त्यास कळून येतें. हें काम आपल्यापैकीं प्रत्येकानें केव्हां ना केव्हां केलेलें आहे. तेव्हां या प्रकरणामागें खरा इतिहास किती, खरे कागद कोणते, आणि संग्राहकानें त्यांतून बोध कोणता घ्यावा, एवढ्याचाच विचार येथें करावयाचा आहे.

१. ग्रंथकार, घराणें व प्रांत

फॉकनरचा जन्म मिसिसिपी संस्थानांत न्यू ऑल्बनी येथें २५ सप्टेंबर १८९७ रोजीं झाला व मृत्यु ६ जुलै १९६२ रोजीं. आयुष्याचा बहुतेक काळ त्याच संस्थानांतील ऑक्सफर्ड या लहान गांवीं गेला. १९४९ सालचें वाङ्मयाचें नोबेल पारितोषिक त्यास १९५० सालीं देण्यांत आलें. त्याचा पणजा विल्यम क्लार्क फॉकनर हा यादवी युद्धांत एका पलटणीचा कर्नल होता. पुढें त्यानें वकिली केली, आगगाडीचा फांटा बांधला, आणि 'द व्हाइट रोज ऑफ मेम्फिस' (१८८१) ही एके काळीं पुष्कळ खपलेली कादंबरीही लिहिली. नोव्हेंबर १८८९ मध्यें रिप्ली गांवांत त्याच्या पूर्वीच्या भागीदारानें त्याजवर गोळी झाडली व दुसऱ्या दिवशीं तो मरण पावला. पणतूच्या कादंबऱ्यांतील कर्नल सार्टोरिस तो हाच. आडनांवांत पणजा एक अक्षर कमी लिहीत असे. तें अक्षर पणतूनें घातलें. वंशावळी जुळविणारांनीं हा भेद ध्यानांत ठेवावा.

ऑक्सफर्ड ज्या लाफायेट परगण्याचें मुख्य ठाणें, तो परगणा १८३६ सालीं निर्माण झाला. त्यापूर्वींची ती भूमि चिकासॉ नांवाच्या आदिवासी लोकांची. १८३२ च्या पोंटोटॉक येथील तहानें ती त्यांच्या हातून गेली. १८६४ सालीं शत्रुसैन्यानें गांवचा चौक व न्यायकचेरी जाळली. या प्रांतावरूनच फॉकनरनें 'योक्नापटॉफा' नामक कल्पित परगणा उभा केला. नांव मात्र कल्पित नव्हे: तेथील योकोना नदीचें जुन्या नकाशांत आढळणारें लांब रूप त्यानें उचललें. 'अ‍ॅब्सलम, अ‍ॅब्सलम!' (१९३६) या कादंबरीस त्यानें परगण्याचा स्वहस्तें काढलेला नकाशा जोडला असून त्यावर क्षेत्रफळ २,४०० चौरस मैल, गौरवर्णीय ६,२९८ व कृष्णवर्णीय ९,३१३ अशी खानेसुमारी देऊन एकमेव मालक म्हणून आपलें नांव घातलें आहे. या थट्टेंत एक खरी गोष्ट आहे. कृष्णवर्णीयांची संख्या अधिक, हें १८६० च्या खऱ्या खानेसुमारीशीं जुळतें: त्या सालीं मिसिसिपींत ७,९१,३०५ वस्तीपैकीं ४,३६,६३१ माणसें गुलाम होतीं.

त्या खानेसुमारीचा एक विशेष येथें सांगितला पाहिजे. १८५० व १८६० सालीं गुलामांची गणना स्वतंत्र पत्रकांवर झाली. त्या पत्रकांत मालकाचें नांव आहे. गुलामांचें सामान्यतः वय, लिंग व वर्ण एवढेंच आहे, नांव नाहीं. म्हणजे सरकारी दप्तरांत हीं लक्षावधि माणसें निनावी आहेत. त्यांचीं नांवें कोठें सांपडावयाचीं असलीं तर तीं मालकांच्या मृत्युपत्रांत, खरेदीखतांत आणि शेतवाडीच्या हिशेबवह्यांत. हें एकदां ध्यानीं आलें म्हणजे फॉकनरनें आपल्या कथेचें रहस्य खतावणींतच कां ठेवलें तें उमगतें.

२. खतावणीचें वाचन

कथेंतील मॅकॅस्लिन घराण्याचा मूळपुरुष कॅरोथर्स मॅकॅस्लिन हा १८३७ सालीं वारला. त्याचे जुळे मुलगे बक व बडी यांनीं कोठीच्या खतावणींत गुलामांच्या नोंदी ठेविल्या. भाषा अशुद्ध, वर्णलेखन त्याहून अशुद्ध, आणि मजकूर तुटक. बकचा मुलगा आयझॅक हा त्या वह्या वाचतो.

नोंदींचा सारांश असा. यूनिस नांवाची स्त्री १८०७ सालीं न्यू ऑर्लिन्स येथें ६५० डॉलरांस विकत घेतली. १८०९ सालीं थ्यूसिडस नामक गुलामाशीं तिचें लग्न लाविलें. १८३२ च्या नाताळच्या दिवशीं ती ओढ्यांत बुडाली. तिची मुलगी टॉमी, जन्म १८१०, ही जून १८३३ मध्यें बाळंतपणांत मेली. टॉमीचा मुलगा टर्ल, जन्म जून १८३३. त्याच्या नोंदीच्या शेवटीं वडिलांच्या मृत्युपत्राचा नुसता उल्लेख. या मृत्युपत्रान्वयें म्हाताऱ्यानें टर्लला एक हजार डॉलर ठेविले होते.

यूनिसच्या नोंदीखालीं दोघां भावांचा लेखी संवाद आहे. २१ जून १८३३ रोजीं बडी लिहितो कीं तिनें आपण होऊन जीव दिला. दोन दिवसांनीं बक अविश्वास दाखवितो: गुलामानें आपण होऊन बुडाल्याचें कोणीं ऐकलें आहे काय? १३ ऑगस्टला बडी पुन्हा तेंच वाक्य लिहितो. याउपर वही गप्प आहे.

आतां हा मुलगा काय ताडतो तें पाहावें. सहसा कोठें न जाणारा म्हातारा एका स्त्रीच्या खरेदीसाठीं न्यू ऑर्लिन्सपर्यंत गेला. दोन वर्षांनीं तिचें लग्न त्यानें दुसऱ्या गुलामाशीं लाविलें, आणि पुढल्याच वर्षीं तिला मुलगी झाली. त्या मुलीस मूल झालें जून १८३३ मध्यें. यूनिसनें जीव दिला तो त्याच्या सहा महिने आधीं, म्हणजे मुलगी गरोदर असल्याचें आईस कळावें अशा सुमारास. टर्लला एक हजार डॉलर मिळतात ते बापाकडून. मग यूनिसनें जीव कां द्यावा? टॉमीही त्याच म्हाताऱ्याची मुलगी असेल तरच. स्वतःच्या मुलीवर त्यानें अत्याचार केला हें आईस असह्य झालें.

आपल्या मीमांसकांनीं यास अर्थापत्ति म्हटलें असतें. देवदत्त दिवसा जेवत नाहीं आणि तरी लठ्ठ आहे. तेव्हां तो रात्रीं जेवतो हें मानल्यावांचून गत्यंतर नाहीं. वहींत पापाचें नांव नाहीं. परंतु तें मानल्याशिवाय वहींतील तारखा एकत्र नांदत नाहींत.

पत्रव्यवहार तपासणाऱ्यांच्या दृष्टीनें आणखी दोन गोष्टी टिपण्याजोग्या आहेत. टॉमी व टर्ल यांच्या नोंदींत सालाची खूण 'तारे पडले तें वर्ष' अशी दिली आहे. ही खूण काल्पनिक नाहीं: १३ नोव्हेंबर १८३३ च्या पहांटे उत्तर अमेरिकेंत सिंहराशींतील उल्कांचा प्रचंड वर्षाव झाला व दक्षिणेंतील लोक पुढें कित्येक वर्षें त्यावरून जन्ममृत्यूचीं सालें मोजीत असत. ताम्रपटांतील ग्रहणावरून आपण तिथि तपासतों तसाच हा प्रकार. परंतु त्यावरून असेंही ठरतें कीं, जूनच्या जन्माची ही नोंद जूनमध्यें लिहिलेली नव्हे. ती नोव्हेंबरनंतरची, आणि मृत्युपत्राचा उल्लेख त्याच वेळचा असेल तर १८३७ च्याही पुढची. उलट भावांचा संवाद दिनांकासह आहे. तो त्या त्या दिवसाचा मानावा लागतो. दुसरी गोष्ट ही कीं, बडीचें पहिलें वाक्य यूनिसच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांनीं, टर्ल जन्मला त्याच महिन्यांत पडलें आहे. बडीच्या ध्यानांत कारण केव्हां आलें तें ही तारीख सांगते. एकाच पानावर समकालीन व उत्तरकालीन मजकूर शेजारीं असतो; तो निवडून वेगळा करणें हेंच आपलें काम.

एकविसाव्या वर्षीं आयझॅक वडिलोपार्जित जमिनीवरील हक्क सोडून देतो. कागदानें त्याच्यावर केलेला हा परिणाम. त्याच्या त्यागानें कोणाचें भलें झालें काय, हा प्रश्न फॉकनर उघडाच ठेवतो.

३. कथेबाहेरील पुरावा

अशी वही फॉकनरनें कोठें पाहिली काय? या प्रश्नाचे दोन प्रयत्न झाले आहेत. दोन्हींची प्रत निरनिराळी आहे.

जोएल विल्यमसन या इतिहासकारानें १९९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत खानेसुमारीचीं पत्रकें व रिप्ली येथील स्मशानांतील थडगीं तपासून असा तर्क मांडला कीं, कर्नल फॉकनरला एमेलिन नांवाच्या, पूर्वीं गुलाम असलेल्या स्त्रीपासून संतति झाली असावी. त्या स्त्रीच्या थडग्यावर फॉकनर हेंच आडनांव आहे. हा तर्कच आहे. पण तो समकालीन दगडावर व कागदावर उभा आहे.

दुसरा प्रयत्न सॅली वोल्फ यांचा. 'लेजर्स ऑफ हिस्टरी' (२०१०) या पुस्तकांत त्यांनीं असें प्रतिपादिलें कीं, फ्रान्सिस टेरी लीक नामक मिसिसिपींतील मळेवाल्याची रोजनिशी फॉकनरनें एका स्नेह्याच्या घरीं वारंवार वाचली व तीवरून ही खतावणी रचली. लीकची रोजनिशी अस्सल आहे. ती नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संग्रहांत आहे. परंतु फॉकनरनें ती वाचली यास आधार काय, तर त्या स्नेह्याच्या मुलानें अनेक दशकांनंतर सांगितलेली आठवण. तिला समकालीन कागदाचा दुजोरा नाहीं, म्हणून इतर अभ्यासकांनीं पुढें तिजवर कडक आक्षेप घेतले. मूळ कागद अस्सल असला म्हणून त्याच्याशीं जोडलेली हकीकत अस्सल ठरत नाहीं. हा धडा आपल्याकडील बखरींनींही आपल्यास दिलाच आहे.

यापेक्षां साधें आणि निर्विवाद साधन पुस्तकाच्या पहिल्याच पानावर आहे. 'गो डाउन, मोझेस' कॅरोलाइन बार या वृद्धेस अर्पण केलें आहे. ती गुलामगिरींत जन्मली होती, फॉकनरच्या घरीं तिनें मुलें वाढविलीं, आणि १९४० सालीं ती वारली. वह्या वाचावयास न मिळाल्या तरी त्या वह्यांच्या काळांतील एक माणूस त्याच्या घरांत होतें.

४. पाठभेद

हस्तलिखितांच्या अभ्यासकास फॉकनर हें एक चांगलें क्षेत्र आहे. तो बारीक अक्षरांत, डावीकडे रुंद समास सोडून लिही व पुढें स्वतःच टंकलेखन करी. त्याच्या हस्तलिखितांचा मोठा संग्रह व्हर्जिनिया विद्यापीठांत आहे.

'फ्लॅग्ज इन द डस्ट' ही कादंबरी त्यानें १९२७ सालीं पुरी केली. प्रकाशकानें ती नाकारली. मित्रानें काटछांट केली. आणि १९२९ सालीं ती 'सार्टोरिस' या नांवानें निघाली. मूळ लांब पाठ १९७३ सालीं, म्हणजे ग्रंथकाराच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. 'द साउंड अँड द फ्यूरी' (१९२९) या कादंबरीस त्यानें लिहिलेलें एक परिशिष्ट १९४६ सालीं प्रसिद्ध झालें. मूळांत मुलगी खिडकींतून झाडावरून उतरून पळते, परिशिष्टांत पावसाच्या पन्हळीवरून. चोरीस गेलेल्या रकमेचे आंकडेही जुळत नाहींत. एकच हात, एकच कथा, आणि तरी दोन पाठ! भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या संशोधित आवृत्तीनें (१९१९–१९६६) आपल्यास हेंच शिकविलें कीं, भेद दिसला म्हणजे तो पुसावयाचा नसतो, नोंदावयाचा असतो.

आपल्या विषयास लागू असा भेद मात्र 'द बेअर'चाच. ही कथा मे १९४२ मध्यें 'सॅटरडे ईव्हिनिंग पोस्ट' या साप्ताहिकांत आली, तींत खतावणीचा भाग नाहीं. पुढें १९५५ सालच्या शिकारकथांच्या संग्रहांतही फॉकनरनें तो वगळला. म्हणजे एवढेच दोन पाठ ज्याच्या हातीं आले त्यास ही एक अस्वलाच्या शिकारीची उत्तम गोष्ट वाटेल. घराण्याचें पाप त्यास दिसणारही नाहीं.

५. समारोप

पेशवेकालीन दप्तरांत कुणबिणींच्या खरेदीविक्रीच्या नोंदी आहेत, हें या पत्राच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. त्या स्त्रियांचा इतिहास वेगळा व अमेरिकेचा वेगळा. दोहोंचें सरसकट साम्य दाखविण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु किंमत, नांव व तारीख एवढ्याच खुणा मागें ठेवून गेलेलीं माणसें दोन्हीकडे आहेत, आणि दोन्हीकडे त्या खुणा कीर्दी-खतावण्यांत आहेत.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं मीं एका घराण्याचें दप्तर पाहिलें. सनदा, निवाडे, वतनाचे कागद मोठ्या काळजीनें उतरून घेतले. घरखर्चाच्या कीर्दींचे तीन रुमाल होते. एकांत कुणबिणीस लुगडें दिल्याची ओळ वाचल्याचें स्मरतें. त्या रुमालांवर मीं 'किरकोळ' अशी चिठी बांधली व ते परत ठेविले. फॉकनरचें हें प्रकरण वाचल्यावर मी पुन्हा तेथें गेलों, तों त्या तिन्ही रुमालांची वाळवीनें माती केली होती. सनदा सुरक्षित होत्या. त्यांच्या नकला तर अन्यत्रही होत्या. त्या बाईचें नांव त्या ओळींत होतें कीं नव्हतें, तें मला आठवत नाहीं.

यास्तव संग्राहकांस विनंती एवढीच कीं, ज्या रुमालावर 'किरकोळ' लिहावयास हात जाईल, तो रुमाल आधीं सोडून वाचावा.