जोडटाकीच्या झडपा

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले असून रस्त्याने समुद्रकिनारा तेथून तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तरीही पाणबुडीविद्येशी या शहराचा संबंध नाही, असे म्हणता येत नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या साहाय्याने द्वारकेच्या समुद्रतळाचे संशोधन करणारे पुरातत्त्ववेत्ते डॉ. एस. आर. राव यांचे २०१३ साली येथेच निधन झाले. येथील पोहण्याच्या तलावांत पहिले धडे गिरवून मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाकडे जाणारे हौशी पाणबुडेही थोडे नाहीत.

अशा उथळ पाण्यात पाठीवर एक टाकी पुरेशी असते. काही बिघडलेच, तर पाणबुडा सावकाश वर येऊ शकतो. परंतु खोली वाढली म्हणजे हिशेब पालटतो. दर १० मीटर खोलीस पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्या माणसाला ३० मीटर खोलीवर चौपट, म्हणजे ८० लिटर हवा लागते. १२ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने सुमारे २४०० लिटर हवा मावते. ती ३० मिनिटांत संपेल. शिवाय खोल पाण्यात दीर्घकाळ राहिलेल्यास रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून वाटेत थांबत थांबत वर यावे लागते. बुडालेल्या जहाजात वा जलमग्न गुहेत शिरलेल्याच्या डोक्यावर तर छतच असते. म्हणून अशा ठिकाणी दोन टाक्या घेतात. मात्र टाक्या दोन झाल्या म्हणजे सुरक्षितता दुप्पट झाली, असे नव्हे. ती झडपांच्या रचनेवर अवलंबून असते.

पहिली रचना दोन स्वतंत्र टाक्यांची. प्रत्येकीला आपली झडप, आपला रेग्युलेटर आणि आपला दाबमापक. एकीत बिघाड झाला तरी दुसरीला धक्का लागत नाही, हा तिचा मोठा गुण. पण एका बाजूचा रेग्युलेटर निकामी झाला की त्या टाकीतील हवाही हाताबाहेर जाते. त्यामुळे दोन्ही टाक्यांतील साठा जवळजवळ समान राहावा म्हणून पाणबुड्याला ठरावीक अंतराने तोंडातील रेग्युलेटर बदलत राहावे लागते.

दुसऱ्या रचनेत दोन्ही टाक्या आडव्या नळीने, म्हणजे मॅनिफोल्डने, जोडलेल्या असतात. जुन्या प्रकारात या नळीवर एकच रेग्युलेटर बसे. तो बिघडला की दोन्ही टाक्या निरुपयोगी. पुढे दोन्ही टोकांना एकेक रेग्युलेटर आला. उजवा बिघडून हवा सुसाट सुटू लागली, तर उजवी झडप बंद करावी. डाव्या रेग्युलेटरमधून दोन्ही टाक्यांतील हवा मिळत राहते. परंतु टाकीच्या मानेतील रबरी कडे फाटले, तर ती गळती टोकाची झडप फिरवून थांबत नाही आणि जोडलेली असल्याने दुसरी टाकीही रिकामी होऊ लागते.

ही उणीव तिसऱ्या रचनेने भरून काढली. आडव्या नळीच्या मध्यावर आणखी एक झडप बसविली जाते. ती बंद केली की दोन्ही टाक्या वेगळ्या होतात आणि निम्मा साठा वाचतो. छताखालच्या वा खोल बुडीसाठी आज बहुधा हीच रचना पसंत केली जाते.

तथापि तिच्यातही एक धोका दडलेला आहे. दाबमापक सामान्यतः डाव्या बाजूस असतो आणि मुख्य रेग्युलेटर उजव्या. मधली झडप नकळत बंद राहिली, तर पाणबुडा उजव्या टाकीतील हवा घेत राहतो आणि मापकाचा काटा मात्र जागचा हलत नाही. भरपूर हवा आहे या समजुतीत श्वास अडखळू लागतो. टाक्या भरतानाही ती झडप बंद असेल, तर एकच टाकी भरली जाते. म्हणून भरण्यापूर्वी आणि पाण्यात उतरण्यापूर्वी तिन्ही झडपा हाताने तपासाव्या लागतात. छताला घासून डावी मूठ पुढे सरकताना बंद होण्याकडे वळते. मुख्य रेग्युलेटर उजवीकडे ठेवण्याचे हेही एक कारण आहे.

तेव्हा निवड करताना तीन प्रश्न विचारावेत. सरळ वर येणे शक्य आहे काय? शक्य असेल, तर एक टाकी आणि सावध जोडीदार पुरे. पाठीमागे हात नेऊन तिन्ही मुठी न पाहता फिरविता येतात काय? येत नसतील, तर मधली झडप असून नसल्यासारखीच. त्यापेक्षा स्वतंत्र टाक्या बऱ्या. आणि हा सराव पोहण्याच्या तलावात पुरेसा झाला आहे काय? गळती सुरू झाल्यावर कोणती झडप आधी बंद करावी, याविषयी प्रशिक्षकांत मतभेद आहेत. पण एकच क्रम निश्चित करून तो अंगवळणी पाडावा, याविषयी नाहीत. तीस किलोंहून अधिक वजनाचे हे ओझे पाठीवर घेऊन तलावात केलेला कंटाळवाणा सराव समुद्राच्या अंधारात उपयोगी पडतो. कारण तेथे झडप दिसत नाही, ती फक्त हाताला ओळखू यावी लागते.