गेरू, हिरवी माती आणि दूरदेशीचा निळा

‘नैसर्गिक रंग’ हे शब्द आता नुसते वर्णन राहिलेले नाहीत, ते प्रशस्तिपत्र झाले आहे. हळद, पळस किंवा बिटाच्या रसाने कागद रंगवला की तो शुद्ध आणि टिकाऊ मानला जातो, आणि दाखल्याला अजिंठा पुढे केला जातो. मला मात्र अजिंठ्याची साक्ष वेगळी वाटते. निसर्गात रंग पुष्कळ आहेत. त्यांतला कोणता या भिंतीवर तग धरील याची पारख तिथल्या चित्रकारांना होती, आणि पंधराशे वर्षांनंतर आपण पाहतो ती या पारखीची कमाई आहे.

वाघूर नदीच्या नालाकृती वळणावरचा हा कडा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्हा थंडावताना वायूच्या बुडबुड्यांनी ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत पुढे इतर खनिजांबरोबर हिरवट सेलाडोनाइट साचले. दख्खनच्या काळ्या पाषाणातली हिरवी माती ती हीच. तांबडा गेरू आणि पिवळी माती ही लोहाची रूपे, पांढऱ्यासाठी चुना आणि पांढरी माती, काळ्यासाठी काजळी. गेरूतले लोह आधीच पुरते गंजलेले असते, त्यामुळे उजेड आणि हवा त्याचे आणखी फारसे काही बिघडवू शकत नाहीत. हळदीचा पिवळा मात्र उन्हात उडतो आणि चुन्याचा स्पर्श होताच लाल पडतो. कुंकू याच गुणावर बनते. माती, दगडाची भुकटी, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू यांच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात फिरवून, तो वाळल्यावर डिंक किंवा सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावलेले आहेत. ओल्या चुन्यात रंग मुरवण्याची युरोपीय रीत ही नव्हे. इथे रंगकणांना धरून ठेवणारा बंध नाजूक आहे, म्हणून कणच पक्का असावा लागतो.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. वनस्पतींचे रंग वापरले असतील आणि ते उडून गेले असतील, तर आपल्याला खनिजेच दिसणार; मग चित्रकारांच्या निवडीबद्दल बोलायचे कशावरून? एखाददुसरा पातळ हात असा नाहीसा झाला असेल, हे मी मान्य करतो. पण १ आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांतल्या आकृत्यांची गोलाई, कातडीवरची छटा, वस्त्रांचे पट्टे हे सारे उरलेल्या मातीच्या रंगांतच पुरे होते. चित्राचा मुख्य भार वनस्पतींच्या रंगांवर असता, तर गिलावा शाबूत असूनही आकृत्यांच्या आत मोठी रिकामी भगदाडे दिसली असती.

दुसरा आक्षेप निळ्याचा. पाचव्या शतकातल्या वाकाटककालीन चित्रांत लाजवर्द आहे, आणि त्याची प्राचीन काळची प्रसिद्ध खाण अफगाणिस्तानातल्या बदख्शानमध्ये, शेकडो कोसांवर. ९ आणि १० क्रमांकांच्या लेण्यांतल्या जुन्या, सातवाहनकालीन थरांत तो आढळत नाही. मग पारख कसली, हा तर श्रीमंत दात्यांचा थाट, असे कुणी म्हणेल. १६ क्रमांकाचे लेणे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने खोदवले; पैसा होता यात शंका नाही. पण नीळ भारतातच पिकत होती आणि चित्रकलेला अपरिचित नव्हती: विष्णुधर्मोत्तर पुराणातले चित्रसूत्र रंगद्रव्यांत नीळही सांगते आणि राजावर्त, म्हणजे लाजवर्दही. जवळची नीळ असताना दूरचा दगड घेतला, यात थाटाबरोबर टिकाऊपणाचा हिशेबही दिसतो. लाजवर्द फार बारीक वाटला तर फिका, राखाडी पडतो, तेव्हा तो कुठवर वाटायचा हेही हाताला ठाऊक असावे लागते.

‘नैसर्गिक’ या शब्दाची खरी परीक्षा विसाव्या शतकात झाली. १९२०नंतर निजामाने बोलावलेले लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ इथे काम करत होते. सुटत चाललेला गिलावा त्यांनी जागेवर बसवला, आणि ते श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण चित्रांवर चपड्याचा, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेचा, हातही फिरला. लाख किड्यापासून मिळते, पूर्णपणे नैसर्गिक आणि भारतीयच. तरी काळाबरोबर तो थर पिवळा-तपकिरी झाला, त्याने धूळ आणि काजळी धरून ठेवली, आणि खालचा हिरवा व निळा ओळखू येईनासा झाला. ताजा चपडा मद्यार्कात सहज विरघळतो, पण जुना झाला की घट्ट होऊन दाद देत नाही. त्यामुळे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो थोडा थोडा करून, खालच्या नाजूक बंधाला धक्का न लावता उतरवावा लागला. आणि जिथे तो उतरला, तिथे गेरू आणि हिरवी माती अजून जागेवर होती.